इग्नेशियसचं नाव

ब्रेंडन्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
३ नोव्हेंबर १९९३

निश,

पाकीट बघून घाबरला असशील तर आधी पाणी पी. कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण आपला फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आणि बाबा दिवसभर त्याच भिंतीला पाठ लावून शेगडीशी बसलेले. त्यांच्या डोक्यावरून तुझ्याशी बोलायची माझी छाती नाही.

बाबांचं काही खरं नाही. हृदय फुगलंय म्हणतो डॉक्टर. पाय सुजतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दारात माणूस आला तर सावली दिसते, चेहरा दिसत नाही. उन्हाळा बघतील का, असं विचारलं तर डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागला. सरकारने कॉड माशाची मासेमारी बंद केल्यापासून त्यांचं असंच उतरत चाललंय. बोट अंगणात पालथी पडलीय. माशांचा कारखानाही बंद, म्हणून मीही घरी. दोघं बसून एकमेकांचं डोकं खातो.

आता मुद्द्याचं. परवा संध्याकाळी बाबांनी तुझं नाव घेतलं. तो सिनेमा टीव्हीवर लागला त्या दिवसापासून तू या घरात फक्त ‘टोरांटोवाला’ आहेस, हे तुला माहीत आहे. अकरा वर्षं झाली. पण ती संध्याकाळ कशी गेली हे तुला कोणी नीट सांगितलं नसेल. अख्खं गाव आपल्या बैठकीत कोंबलं होतं. आईने केक केला होता, धाकटा पडद्यावर दिसणार म्हणून. आणि तू काय दाखवलंस? आपला थोरला, अँब्रोज. टोपी मनगटाने मागे सारायची त्याची लकब, दोर ओढताना त्याची ती शिट्टी, आणि शेवटी पाण्याखाली उघडे डोळे. अँबचं प्रेत सापडलं नाही म्हणून आई आठ वर्षं त्याचं ताट मांडत होती. सापडलं नाही तोवर तो यायचा आहे, असं तिचं म्हणणं. त्या संध्याकाळनंतर तिने ताट मांडलं नाही. बाबांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “अँब बुडाला, आणि याने त्याचा पगार घेतला.” तुला त्या कामाचं बक्षीस मिळालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या रे, पण कोळशाच्या खोलीत जाऊन, दार लावून.

आईच्या वेळी तू आला नाहीस. यावेळी तरी ये.

तुझी गर्टी

टोरांटो
१७ नोव्हेंबर

गर्टी,

पाणी प्यालो. मग दुसरंही काही प्यालो.

बाबा नक्की काय म्हणाले? शब्द न् शब्द लिही. ‘इग्नेशियस’ म्हणाले की ‘निश’? रागाने म्हणाले की सहज? तुला हसू येईल, पण मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलत पोट भरलंय. एखादा शब्द कसा म्हटला यावर आमचं सगळं दुकान चालतं.

मी बरा आहे. कामाला तोटा नाही. एका अमेरिकन मालिकेत न्यायाधीश आहे. टोरांटोच्या रस्त्यावर गाड्यांच्या पाट्या बदलायच्या, आपले झेंडे झाकायचे, की झालं न्यूयॉर्क. गेल्या वर्षी मी त्या न्यूयॉर्कमध्ये तीनदा मेलो, एकदा जेवणाच्या सुट्टीआधीच. एकोणीस वर्षांचा असताना इथे आलो तेव्हा पहिल्या दिग्दर्शकाने सांगितलं होतं, तोंडातली ती बेटावरची बोली आधी काढ, मासे विकायचे नाहीत आपल्याला. मी ती काढली. नाव काढलं, इग्नेशियस कॅरीनचा नील कार्सन केला. त्यांना शिकागोचा माणूस हवा असेल तर मी शिकागोचा, टेक्सासचा हवा तर टेक्सासचा. आपल्या गावचा माणूस कोणी मागितलाच नाही. एकदाच मागितला, तर मी त्यांना अँब दिला. मला दुसरा कोणी येतच नव्हता, गर्टी. हे बाबांना मी समजावू शकलो असतो, पण त्यांनी फोन घेतला नाही.

फोन करू नकोस, मी घरी सापडत नाही. पत्र पोस्टातल्या पेटीवरच पाठव.

मला त्यांच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचंय. बाकी काही नको. माफी वगैरे मोठ्या लोकांची कामं.

निश

ब्रेंडन्स कोव्ह
३० नोव्हेंबर

निश,

‘इग्नेशियस’ म्हणाले. सहज म्हणाले. चहात बिस्किट बुडवत होते, म्हणाले, “इग्नेशियस काय करत असेल.” झालं समाधान? शब्दाचा कीस काढणाऱ्या माणसाशी लग्न केलं नाही ते बरं केलं म्हणायचं मी.

आता माझं ऐक. सरळ दारात उभा राहशील तर ते तोंड भिंतीकडे फिरवतील. हट्टी आहेत, मरायला टेकले तरी हट्टी. म्हणून तू सोंग घेऊन ये. नाताळचे बारा दिवस अजून गावात घरोघरी सोंगं जातात, आणि फडक्यामागे कोण ते घरच्याने ओळखायचं. पोरं कमी झाली, पण लोरेटा हाईन्स आणि तिच्या जावा आहेत अजून. डोक्यावर उशीचा अभ्रा, आईचा झगा, पाठीला उशी बांधून कुबड, हातात जाड मोजे. श्वास आत घेत बोलायचं, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. विसरला असशील तर लोरेटा शिकवेल.

बाबा वर्षभर कोणाला उंबरा ओलांडू देत नाहीत, पण सोंगं आली की म्हातारा ताठ बसतो. डोळे गेले तरी गावात त्यांच्यासारखं ओळखणारा कोणी नाही. पायांच्या ठेक्यावरून ओळखतात. आणि ओळखलं की नियम तुला ठाऊक आहे: नाव मोठ्याने घ्यायचं, सोंगाने तोंडावरचं फडकं काढायचं, घरच्याने त्याला रम आणि केक द्यायचा. जुनी भांडणं त्या घोटाबरोबर पोटात घालायची. बाबांनी हा नियम जन्मात मोडलेला नाही. ज्याने त्यांची जाळी कापली होती, त्या मर्फीलासुद्धा रम पाजली होती.

नाव त्यांना घ्यावंच लागेल. तुला तेवढंच हवंय ना?

गर्टी

टोरांटो
११ डिसेंबर

गर्टी,

येतो. न्हाणीघरात श्वास आत घेऊन बोलायचा सराव केला. शेजारच्याला वाटलं मला दम्याचा झटका आलाय, त्याने दार ठोठावलं.

इतकी धास्ती मी पहिल्यांदा रंगमंचावर गेलो तेव्हाही खाल्ली नव्हती. लोरेटाला सांग, झगा मोठा बघून ठेव. मी जाड झालोय.

निश

टोरांटो
१२ जानेवारी १९९४

गर्टी,

तू मला खोटं सांगितलंस.

मी तिथे असताना बोललो नाही, कारण तुझं तोंड बघून मला दया येत होती. आता बोलतो. त्यांनी माझं नाव घेतलंच नव्हतं. चहा, बिस्किट, सगळं तू रचलंस. आणि शब्दाचा कीस मी काढतो म्हणे.

तू केकचं ताट घेऊन दाराशी उभी होतीस, तुला माझी पाठ दिसत होती. मला काय दिसलं ते ऐक. लोरेटाने काठी आपटली, “सोंगांना घरात घेता का?” विचारलं. बाबांनी खुर्चीतून हात हलवला. आम्ही नाचलो. तिच्या दोन्ही जावा त्यांनी चुटकीसरशी ओळखल्या, लोरेटाला तर शिवीसकट. मग माझी पाळी. म्हणाले, “हा कुबडा कोण? नाच बघू पुन्हा.” मी नाचलो. हसत होते ते, गर्टी. मग हसू थांबलं. मान तिरकी करून ते जमिनीकडे ऐकत राहिले. मला वाटलं, आलं, आता तोंडातून नाव येतंय. म्हणाले, “अँब.”

मला नाचायला अँबनेच शिकवलं, धक्क्यावरच्या मासे साफ करायच्या खोलीत, फळ्यांवर. दुसरा ठेका माझ्या पायात नाहीच.

चुकीचं नाव घेतलं तर सोंगाने नाही म्हणून मान हलवायची, एवढंच काम होतं. मी ती हलवली नाही. ते खुर्चीतून उठले. तू म्हणतेस दोन महिने ते आधाराशिवाय उठले नव्हते. त्यांनीच माझ्या तोंडावरचा अभ्रा ओढला, दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला आणि म्हणाले, “म्हातारा झालास रे. कुठे होतास इतके दिवस?”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, “लांब होतो, बाबा.” आणि निघालं आपल्या बोलीत. जी बोली काढायला मी दोन वर्षं एका बाईची शिकवणी घेतली होती, ती अशी आली, जणू मी कालच धक्क्यावरून वर आलोय.

मग नाताळ संपेपर्यंत मी अँब होतो. त्यांना दाढी करून दिली, तंबाखू भरून दिली, कुठल्या जहाजाने मला उचललं याच्या कहाण्या रचल्या. एकटा प्रेक्षक, तोही आंधळा, आणि मी जन्मात इतकं चांगलं काम केलं नाही. लोरेटा पहिल्या दिवशी रडत पळाली, पण दुसऱ्या दिवशी येऊन “काय अँब, कसा आहेस” म्हणून गेली. गावातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. शाबास त्यांची.

निदान आता तरी खरं सांग. ते कोणाला विचारत होते?

निश

ब्रेंडन्स कोव्ह
२ फेब्रुवारी

निश,

अँबला. आणखी कोणाला विचारणार? ऑक्टोबरपासून रोज. सकाळी उठले की, “अँब बोटीवर गेला का?” संध्याकाळ झाली की, “अँब अजून आला नाही.” तुझं नाव एकदाही नाही. मला वाटलं, तू समोर आलास तर डोकं ठिकाणावर येईल, पायांवरून ओळखतील, घेतील नाव. खरं लिहिलं असतं तर तू आला असतास? तोऱ्यात टोरांटोतच राहिला असतास. म्हणून खोटं लिहिलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही, पण वाईट फार वाटतं.

तू गेल्यावर ते रोज विचारतात अँब कुठे गेला. मी सांगते, लाकडाच्या कामावर गेला, बर्फ वितळलं की येईल. त्यांना पटतं. जेवतात बरं. तू त्यांना हे दिवस दिलेस, एवढं मनात ठेव.

पण एक विचारायचंय. काल ते एकदम म्हणाले, “धाकट्याला फोन केला होता. एक बाई म्हणाली, इथे असा कोणी राहत नाही.” मला वाटलं, स्वप्न पडलं असेल. मग म्हणाले, “अँबनेच लावून दिला.” हे काय आहे, निश? भिंतीवर आईने पेन्सिलने लिहिलेला तुझा नंबर मी आज लावून पाहिला. खरंच कोणी बाई आहे तिथे. तू राहतोस कुठे?

त्या फोननंतर बाबांना काहीतरी झालंय. रागावलेले नाहीत. अँबचं विचारून झालं की नुसते गप्प बसतात, हातात जपमाळ घेऊन.

गर्टी

टोरांटो
१२ फेब्रुवारी

गर्टी,

मागच्या वसंतात ते घर सोडलं. सोडावं लागलं. एका जुन्या मित्राच्या घराखाली तळघरात राहतो. तो सेटवर सुतार आहे. फोन त्याचा आहे आणि तो कोणाला देऊ नको म्हणतो. आता सगळंच ऐक. न्यायाधीश वगैरे काही नाही. दोन वर्षांत मला मालिकांत मिळाली ती प्रेतं. टेबलावर चादरीखाली पडायचं, श्वास रोखायचा, आणि पंचविशीतला नट माझ्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेली पाटी वाचतो. तेही आता पोट सुटल्यामुळे कमी झालं.

पोट भरतं ते एका इस्पितळात. तिथे डॉक्टर व्हायला निघालेली पोरं वाईट बातमी कशी द्यायची ते शिकतात. त्यांच्यासमोर मी रोग्याचा मुलगा होऊन बसतो. पोरं एकेक करून येतात, हात चोळतात आणि मला सांगतात, “तुमच्या वडिलांना आम्ही वाचवू शकलो नाही.” प्रत्येकासमोर मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कोसळतो. मग डोळे पुसून त्यांना सांगतो, तू फार घाईने बोललास, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. सगळ्यांत चांगली नोकरी आहे ही, गर्टी, यात कोणी मला शिकागोचा हो म्हणत नाही.

आता तो फोन. बारा दिवसांतला शेवटचा दिवस, तू चर्चला गेली होतीस. बाबा म्हणाले, “अँब, तुझ्या भावाला फोन लाव. त्याला सांगायला हवं तू आहेस म्हणून. तो बिचारा तू बुडालास समजून बसलाय. टीव्हीवर काय रडला होता.”

टीव्हीवर मी रडलो नव्हतो. सिनेमात कोणी रडतच नाही. पण त्यांना तसं आठवत होतं. राग कुठे गेला होता कोण जाणे. अँब आला, म्हणजे रागाचं कारणच उरलं नव्हतं.

मी काय करणार होतो? भिंतीवरचा माझाच नंबर फिरवला आणि फोन त्यांच्या कानाला लावला. वाटलं, कोणी उचलणार नाही, ते ठेवून देतील. बाईने उचलला. बाबांनी विचारलं, “माझा धाकटा आहे का? कॅरीन? सांग, बापाचा फोन आहे. सांग, भाऊ घरी आलाय, आता तूही ये.” ती काय म्हणाली ते तुला कळलंच आहे. बाबांनी तिला तीनदा विचारलं, अगदी नम्रपणे. मग फोन माझ्याकडे दिला.

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. “बाबा, मी इथे आहे,” एवढंच म्हणायचं होतं. पण मी निश झालो असतो तर त्याच घटकेला अँब मेला असता. एकदा मी त्याला त्यांच्या डोळ्यांदेखत बुडवला होता. पुन्हा माझ्याच्याने झालं नाही. म्हणून अँब होऊनच म्हणालो, “येईल तो, बाबा. घर बदललं असेल.” त्यांनी मान डोलावली आणि जपमाळ मागितली.

माझं एवढं काम कर. त्यांना सांग की अँबला टोरांटोत निश भेटला. तो बरा आहे, ईस्टरला दोघंही येतायत. खोटं बोलण्यात तू तयार आहेसच. आणि ते काय म्हणतात, नाव घेतात का, ते शब्द न् शब्द लिही.

निश

ब्रेंडन्स कोव्ह
२८ फेब्रुवारी

निश,

बाबा बुधवारी गेले. दुपारचं जेवून खुर्चीत डोळे मिटले, ते उघडले नाहीत. तुझ्या पेटीवर तार केली. तू पेटी कधी उघडतोस देव जाणे, आणि दुसरा पत्ता तू मला दिलाच नाहीस. शनिवारपर्यंत थांबलो. मग वादळ येणार म्हणाले, म्हणून पुरलं. आईशेजारी. शवपेटी गावाने उचलली.

आता नीट बसून वाच. तू शब्द न् शब्द मागितलास, तर देते.

तुझं पत्र त्याच्या आधीच्या शनिवारी आलं. रात्रभर बर्फ पडत होतं. ठरवलं, रविवारी चर्चहून आलं की चहाबरोबर सांगेन, अँबला निश भेटला म्हणून. पण सकाळी बाबाच म्हणाले, मला चर्चला ने. वर्षभर गेले नव्हते. लोरेटाच्या मुलांनी खुर्चीसकट उचलून गाडीत घातलं. तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं.

प्रार्थनेत ती वेळ आली, जेव्हा ज्याने त्याने उभं राहून आपापल्या मेलेल्यांची नावं घ्यायची. इतकी वर्षं बाबा उठून म्हणायचे, “माझा मुलगा अँब्रोज.” मी मनात म्हटलं, आज बसून राहतील, अँब आलाय ना. ते बाकाला धरून उठले. मोठ्याने म्हणाले, “माझा मुलगा इग्नेशियस.”

चर्चमधल्या सगळ्यांनी नाताळात तुला आपल्या दारात लाकडं फोडताना पाहिलंय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बाबा पुढे बोलत होते. कोणी असं बोलत नाही, नुसतं नाव घेतात. ते म्हणाले, “माझा धाकटा. लांब गेला होता. मी त्याच्याशी बोललो नाही, आणि आता तो नाही. चांगला मुलगा होता. नाचायचा छान.” मग पुन्हा, “इग्नेशियस.” नाव स्पष्ट घेतलं, पूर्ण.

त्या बाईच्या बोलण्याचा त्यांनी हा अर्थ लावला होता, निश. आपल्याकडे घर कोणी बदलतं का? माणूस आपल्या घरी राहत नाही याचा त्यांना एकच अर्थ माहीत. तेव्हापासून ते तुझ्यासाठी जपमाळ ओढत होते. आणि मला वाटायचं, नुसते गप्प आहेत.

पत्र माझ्या मांडीवर होतं. उठून म्हणायला हवं होतं, बाबा, तो जिवंत आहे. मग त्यांनी विचारलं असतं, अँबला कुठे भेटला, केव्हा भेटला, आणि मी सांगितलं असतं, सांगता आलं असतं, तू शिकवलंच होतंस. मी उठणारही होते. तेवढ्यात ते बसले आणि माझा हात धरून रडायला लागले. अँबसाठी ते गावासमोर कधी रडले नाहीत, आईसाठी नाही. तुझ्यासाठी रडत होते, मोठ्याने, लहान मुलासारखे. अकरा वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माझ्या हातावर ओलं होत होतं. मला ते थांबवावंसं वाटलं नाही.

पाद्री थांबले होते. मग लोरेटा मागून म्हणाली, “त्याला शांती लाभो.” तिच्यामागून सगळं चर्च म्हणालं.

मीही म्हणाले.

तुझी गर्टी